अजून एकच कपाट: ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ आठ महिने खेळल्यावर

‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ या संगणकावरच्या खेळातलं माझं सगळ्यात मोठं आयुष्य ७१ दिवसांचं. त्याआधीची चाळीसेक आयुष्यं मोजण्यासारखी नाहीत. बरीचशी पहिल्या आठवड्यातच आटोपली, आणि एक तर न्हाणीघराचं दार उघडताक्षणी, खेळ सुरू करून चार मिनिटं होत नाहीत तोच. आठ महिन्यांत ३४० तास झाले. मारामारी, गाड्यांची दुरुस्ती, शेती, मासेमारी यांवर सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते घरं धुंडाळण्याबद्दल. माझ्या मते खरा खेळ तोच आहे, झोंबी नुसते राखणदार.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै १९९३, अमेरिकेतलं केंटकी राज्य. रोगाची साथ पसरलीय, भागाला वेढा पडलाय, आत तुम्ही. वरून तिरपं दिसणारं जग, दिसायला जुन्या धाटणीचं. मल्ड्रॉ, वेस्ट पॉइंट, रिव्हरसाइड, रोझवूड अशी गावं आणि उत्तरेला लुईव्हिल हे मोठं शहर. सुरुवातीलाच पडद्यावर सांगितलं जातं की ही तुमच्या मरणाची गोष्ट आहे, आणि ते अक्षरशः खरं आहे. चावा बसला की संपलं, शंभर टक्के. त्वचा फाटली तर २५ टक्के धोका, नुसतं ओरखडलं तर ७ टक्के. औषध नाही, लस नाही, गुपचूप सापडणारा उतारा नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात हा खेळ २०१३ च्या नोव्हेंबरपासून ‘अर्ली अ‍ॅक्सेस’मध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला आहे. बिल्ड ४१, म्हणजे ४१ वी आवृत्ती, डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर झाली, ४२ ची कच्ची आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. मी ४१ वरच खेळते, कारण रोज नियम बदलले की माझं डोकं फिरतं. खालचं सगळं त्याच आवृत्तीचं.

आता लूट. नवा माणूस काय करतो? दिसेल ते उचलतो. माझ्या पहिल्या बॅगेत चार टॉवेल, तीन तवे, काटे-चमचे, एक डिजिटल घड्याळ आणि कुणाच्या तरी लग्नाची अंगठी होती. धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “ताई, तू जीव वाचवतेयस की घर बदलतेयस?” प्रत्येक वस्तूला वजन आहे. पाठीवरच्या बॅगेत टाकलं की ते कमी भरतं, पण भरतंच. मर्यादा ओलांडली की कोपऱ्यात ओझ्याचं चिन्ह येतं, चाल मंदावते, दम लवकर लागतो, आणि मग ज्या तीन झोंब्यांना एरवी सहज चकवलं असतं तेच तिघं कुंपणापाशी गाठतात.

बॅगेपेक्षा मोठा घात मात्र पडद्याच्या उजव्या बाजूला होतो. कपाटाशी उभं राहिलं की त्यातल्या वस्तूंची यादी तिथे उघडते. बारीक अक्षरं, लांबलचक यादी. एखादी वस्तू घेतली की हिरवी पट्टी सरकते, ती भरेपर्यंत थांबायचं. या अर्ध्या-एक मिनिटात आपण वाचत असतो. साबण, स्पंज, ब्लीच, टॉयलेट पेपर, पुन्हा साबण. वाचणारे डोळे दाराकडे नसतात. माझे निम्म्याहून जास्त मृत्यू रस्त्यावरच्या घोळक्यात नाही, कपाटासमोर यादी वाचताना झालेत. हे कळायला मला तीन महिने लागले. तोवर मी हत्यारांना दोष देत होते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. घरात शिरण्याआधी खिडकीतून डोकवायचं, मग कीबोर्डवरचं क्यू दाबून ओरडायचं आणि मागे सरकायचं. आत जे असेल ते दारावर धडका देत येतं. बाहेर उजेडात, मोकळ्या जागेत त्याचा निकाल लावायचा आणि मगच आत. खिडकी फोडावी लागलीच तर चौकटीतल्या काचा आधी काढायच्या, नाहीतर आत उडी मारताना हात चिरतो आणि पहिलं कपाट पट्ट्या शोधण्यातच जातं. आणि आत गेल्यावर मागचं दार बंद. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

या खेळातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे घरांना असलेलं तर्कशास्त्र. गॅरेजमध्ये अवजारं, न्हाणीघरात औषधं, शयनघरात कपडे, अग्निशमन केंद्रात कुऱ्हाडी. गाडीची किल्ली कधी गाडीतच लटकलेली असते, कधी शेजारी जमिनीवर, कधी जवळपास भटकणाऱ्या झोंब्याच्या खिशात. एखाद्या मेलेल्याच्या खिशात खुणा केलेला कागदी नकाशा मिळतो. कुणीतरी घराभोवती गोल काढून लिहिलेलं असतं की इथे सामान लपवलंय. तिथे जावं तर खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आत खरंच साठा. लिहिणारा कुठे गेला ते मात्र खेळ सांगत नाही. १९९३ साल असल्यामुळे मोबाइल नाही, जीपीएस नाही. गावाचा नकाशा पाहिजे तर तोही शोधावा लागतो. मला हे भारी वाटतं, भावाला कंटाळवाणं.

काय आधी उचलायचं याचं माझं उत्तर आठ महिन्यांत पार बदललं. पूर्वी हत्यार आणि डबाबंद अन्न. आता मी आधी विचारते, यातलं काय लवकर संपणार आहे? नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या महिन्याभरात कधीतरी नळाचं पाणी आणि वीज जाते. नेमकी कधी, ते प्रत्येक वेळी वेगळं. वीज गेली की फ्रिजमधलं सडायला लागतं आणि पेट्रोल पंपही बंद पडतात, जनरेटर लावल्याशिवाय थेंब येत नाही. टीव्हीवर पहिल्या काही दिवसांत ‘लाइफ अँड लिव्हिंग’ नावाच्या चॅनेलवर सुतारकाम वगैरे शिकवणारे कार्यक्रम लागतात, ते बघितले की कौशल्य फुकटात वाढतं, आणि तेही नंतर बंद. म्हणून पहिले दिवस मी टीव्हीच्या वेळा सांभाळत पेट्रोल भरते आणि आइस्क्रीम खाते. डबे कुठे पळून जात नाहीत. खिळेही नाहीत.

पुस्तकांचंही तसंच. सुतारकामाचा पहिला भाग वाचून मग काम केलं तर सुरुवातीच्या पातळ्यांवर अनुभव तिपटीने मिळतो. आधी फळ्या ठोकून मग पुस्तक सापडलं तर नुसती चुटपुट. म्हणून शाळा आणि पुस्तकांची दुकानं माझ्या यादीत बंदुकीच्या दुकानाच्या वर आहेत. बंदुकीचं काय, एक गोळी झाडली की अख्खं गाव जेवायला येतं.

आता जनरेटरची कथा, कारण तिच्यात माझे जवळजवळ दोन आठवडे गेले. जनरेटर चालवायचा तर ते कसं करायचं हे शिकवणारं मासिक वाचलेलं असावं लागतं. इलेक्ट्रिशियनचं पात्र घेऊन सुरुवात केली तर मासिक लागत नाही, पण मी घेतली होती घरफोडी करणारी बाई, किल्लीशिवाय गाडी सुरू करता येते म्हणून. जनरेटर लवकर मिळाला. वजन ४०, म्हणजे दोन्ही हातात धरून कासवाच्या चालीने गाडीपर्यंत. तो घराबाहेर आणून ठेवला (आत ठेवून चालू केला तर धुराने आपणच मरतो, हेही एकदा करून झालंय). आणि मग मासिक नाही. वाचनालय पालथं घातलं, शाळा झाली, दोन दुकानं झाली, लोकांच्या बैठकीतली शेल्फं झाली. तोवर वीज गेली. फ्रीजरमधलं मांस वितळायला लागलं, ते मी रोज हावऱ्यासारखं खात होते कारण फेकवत नव्हतं. बाराव्या दिवशी रात्री दमून परत आले आणि माझ्याच घरासमोरच्या टपालपेटीशी उभं राहताच उजवीकडे यादी उघडली. दोन वर्तमानपत्रं आणि ते मासिक. काखेत कळसा म्हणतात तो हा. पहिल्या दिवसापासून मी त्या पेटीच्या शेजारून दिवसातून चार वेळा जात होते, आणि टपालपेटी उघडता येते हेच मला माहीत नव्हतं.

तक्रारीही आहेत. सामान लावणं हा एक वेगळाच रोजगार आहे. खोक्यातून खोक्यात, बॅगेतून डिकीत, डिकीतून शेल्फात. काही रात्री मी दोन तास खेळले आणि एकही झोंबी दिसला नाही, नुसते खिळे आणि स्क्रू वेगळे केले. गंमत म्हणजे ते मला आवडतं, पण आवडणार नाही अशी माणसं मला माहीत आहेत. उपासमारीची भीतीही दीड-दोन महिन्यांनी जवळपास संपते, आणि लूट अगदीच दुर्मीळ करून ठेवली नसेल तर घरात दुकान उघडण्याइतके डबे साठतात. मी आता सँडबॉक्समध्ये, म्हणजे जगाचे नियम आपणच ठरवायच्या सेटिंगमध्ये, अन्न दुर्मीळ, अवजारं नेहमीसारखी, आणि झोंबी नव्याने येणं बंद असं लावते. रिकामं केलेलं गाव रिकामंच राहिलं पाहिजे, नाहीतर एवढ्या मेहनतीला अर्थ काय? एक सामान वर्गवारीचा मॉड (खेळात बाहेरून जोडायचा बदल) लावला होता, त्याने पुढच्या अपडेटनंतर आख्खी सेव्ह फाइल बिघडवली. तेव्हापासून मॉड नाही.

घ्यावा का? यादी वाचण्याचा, कोपरे तपासण्याचा नाद असेल तर डोळे मिटून. गोष्ट, शेवट, जिंकल्याचं समाधान हवं असेल तर हा खेळ काहीच देणार नाही. भावाबरोबर किंवा मित्राबरोबर खेळलात तर निम्मा कंटाळा कमी होतो आणि भांडणं दुप्पट होतात.

७१ व्या दिवसाबद्दल सांगायचं राहिलं. भाऊ आणि मी एकत्र खेळत होतो. वेस्ट पॉइंटच्या कडेला बेस, जनरेटर चालू, गच्चीवर पावसाचं पाणी साठवायची चार पिंपं. एका पिंपाला चार फळ्या, चार खिळे आणि कचऱ्याच्या चार पिशव्या लागतात. फळ्या-खिळे ढीगभर होते, पिशव्या नव्हत्या. खरं तर पाचव्या पिंपाची गरजच नव्हती, चार पिंपं काठोकाठ भरलेली होती. तरी गेलो. तो खाली गाडीत, इंजिन चालू ठेवून. मी वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघरात दोन पिशव्या मिळाल्या होत्या.

“ताई, निघ. आवाजाने येतायत.”

“अजून एकच कपाट.”

कपाट उघडलं. टॉवेल, शाम्पू, टॉवेल. जिन्याचं दार मी लावलं नव्हतं. पावलं ऐकू आली तेव्हा मला वाटलं तो वर आलाय. मान. तब्येतीच्या पानावर मानेसमोर लाल अक्षरात चावा. हेडफोनमध्ये थोडा वेळ शांतता, मग त्याने विचारलं, “किती मिळाल्या?”

“दोन.”

तो इतका हसला की त्याची गाडी कुंपणावर गेली.

या खेळात नवं पात्र त्याच जगात घेता येतं, आणि जुनं पात्र जिथे मेलं तिथे ते आपल्याच कपड्यांत, आपलीच बॅग पाठीवर घेऊन हिंडत असतं. भावाने मला गावाच्या दुसऱ्या टोकाहून गाडीत घेतलं आणि आम्ही त्या घरी गेलो. निळं जाकीट घातलेली मी वरच्या मजल्यावर भिंतीला धडका देत होते. “तूच मार, तुझीच आहेस,” तो म्हणाला. मारलं. बॅगेत काय काय होतं? कॅन ओपनर तीन. पहार एक, जवळजवळ नवी. सुतारकामाचं पुस्तक, वाचून झालेलं, कशासाठी जपलं होतं देव जाणे. चार बॅटऱ्या. पान्हा. कुणाच्या तरी लग्नाची अंगठी, हीसुद्धा. आणि कचऱ्याच्या दोन पिशव्या.

मी पिशव्या, पहार आणि पान्हा घेतला, बाकी तिथेच टाकलं आणि वळले. भाऊ मात्र खोलीतच थांबला होता, त्या अर्धवट पाहिलेल्या कपाटासमोर.

“ताई, तू जरा दारात उभी राहा,” तो म्हणाला. “हे मी बघतो.”