मिनॉक्सिडिल 5%, साडेसात महिन्यांनंतर: औषध चांगलं, ड्रॉपर आखूड

मिनॉक्सिडिल म्हणजे केसगळतीवर टाळूला लावायचं औषध. आज सकाळी त्याची आठवी बाटली संपली. खरं तर संपली नाही. तळाशी औषध दिसतंय, पण ड्रॉपरची नळी तिथवर पोचतच नाही. दर बाटलीला हेच चाललंय, म्हणून आज लिहायला बसलो.

60 मिलीची बाटली, सकाळी 1 मिली, रात्री 1 मिली. तीस दिवस पुरायला हवी. माझी अठ्ठाविसाव्या दिवशीच हात टेकते. आज मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणली आणि तळातलं मोजलं: साडेचार मिली! आठ बाटल्यांचे 36 मिली झाले. अर्ध्या बाटलीहून जास्त औषध पैसे मोजून कचऱ्यात गेलं. बाटली तिरकी करून पाहिली, तर थेंब कपाळावरून थेट भुवईत. तिसऱ्या महिन्यात कंपनीला फोन केला. आधी व्हिडिओ पाठवा म्हणाले. पाठवला, तर उत्तर आलं, "सर, डिझाइनच तसं आहे." बाटलीची उंची मोजून नळी कापायला असं काय लागतं?

औषधाबद्दल मात्र माझं मत पार बदललं. तिसऱ्या आठवड्यात केस इतके गळायला लागले की उशीवर, टॉवेलवर, न्हाणीघराच्या जाळीवर पुंजकेच पुंजके. आई म्हणाली, "बंद कर ते, तेल लाव." मीही बंदच करणार होतो. स्किनच्या डॉक्टरांनी थांबवलं. विसाव्यात गेलेले जुने केस नव्या केसांसाठी जागा सोडतात, म्हणून सुरुवातीचे दोन महिने असं होऊ शकतं, असं त्यांनी समजावलं. नवव्या आठवड्यात गळणं कमी झालं. पाचव्या महिन्यात भोवऱ्याजवळ बारीक लव दिसली, आता तिथली टाळू चमकत नाही. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी फोटो काढत होतो, म्हणून हे खात्रीने सांगतो. कपाळाच्या कोपऱ्यांत मात्र फारसा फरक नाही.

पहिले दोन महिने मी एक चूक करत होतो. सकाळी औषध लावून लगेच हेल्मेट घालायचो, म्हणजे निम्मं औषध हेल्मेटच्या कापडाला! आता उठल्या उठल्या लावतो, ते पूर्ण वाळल्यावरच घराबाहेर पडतो. रात्रीही झोपायच्या दोन तास आधी. टाळू कोरडी हवी. तेल लावायचं तर न्हायच्या आधी लावा, तेलावर हे औषध चोपडू नका.

खाज मलाही सुटली. या द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलने काहींना ती सुटते. हेच औषध फेसाच्या रूपातही मिळतं, त्या फोममध्ये ते नसतं, पण फोम महाग, म्हणून मी शाम्पू बदलून निभावलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध आहे. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तर नकोच. आणि घरात मांजर असेल तर फार जपा, मांजरांना हे विषारी आहे. लावल्यावर हात धुवा, उशीचा अभ्राही मांजराला चाटू देऊ नका.

बंद केलं की आलेले केस काही महिन्यांत जातात. म्हणजे बाटल्या घेतच राहायच्या आहेत, आणि म्हणूनच ते साडेचार मिली मला इतके लागतात. उद्यापासून सिरिंजनेच लावणार. ड्रॉपर तळापर्यंत पोचतो अशी बाटली कुणी वापरली असेल, तर कंपनीचं नाव खाली नक्की लिहा.