उद्यमबागेतली मिशन-व्हिजन कार्यशाळा : पहिला दिवस सोन्यासारखा, दुसरा अर्धवट

बेळगावच्या उद्यमबागेत छोट्या कारखानदारांसाठी मिशन (आपण कशासाठी आहोत), व्हिजन (पुढं कुठं पोचायचं) आणि स्ट्रॅटेजी (त्यासाठी कोणती वाट धरायची) यांवर दोन दिवसांची कार्यशाळा चालते. एका कारखान्यातून तीन माणसं, फी १८,००० रुपये, शिकवणं मराठी आणि कन्नड दोन्हींतून. येणारे बहुतेक ओतकामवाले, मशीन शॉपवाले, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग करणारे. पैसे वसूल होतात का, तर पहिल्या दिवशीच होतात. तक्रार आहे ती दुसऱ्या दिवसाबद्दल.

सुरुवातीलाच प्रत्येकानं आपल्या ऑफिसात टांगलेलं मिशन फळ्यावर लिहायचं असतं. ‘दर्जेदार उत्पादन व ग्राहकांचे समाधान यांतून अग्रगण्य कंपनी बनणे’ हे किंवा याचंच भावंड. मग त्यातलं कंपनीचं नाव पुसून शेजारच्या शेडचं नाव घालायचं. वाक्य तिथंही चपखल बसलं तर सरळ खोडायचं. ही परीक्षा साधी आहे आणि अचूक आहे.

नव्या वाक्यासाठी प्रश्न तीनच : माल कुणासाठी, नेमका कोणता, आणि कोणतं काम दारातूनच परत पाठवणार? तिसऱ्यावर सगळ्यांची गाडी अडते, आणि शिकवणारे तिथंच ठाण मांडून बसतात. हेच या कार्यशाळेचं खरं बळ. वर्गात तयार झालेला एक नमुना असा : ‘हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांना १ ते १० किलोचं, प्रेशर टेस्टला न गळणारं कास्टिंग (ओतीव भाग), ठरल्या तारखेला.’ हे वाक्य सुपरवायझरलाही पाठ होतं, आणि ४० किलोच्या काउंटरवेटची (यंत्राचा तोल साधणाऱ्या वजनाची) चौकशी आली की मालकाला न विचारता ‘नको’ म्हणता येतं. कन्नड कामगारालाही त्यातलं ‘बेडा’ (कन्नडमध्ये ‘नको’) कशाला आहे ते लगेच कळतं.

पण ‘नको’ म्हणायचं तर हिशेब हवा. दुपारचं सत्र त्याचंच, आणि तेच सगळ्यांत मोलाचं. दर किलोमागचा नफा बघू नका, जिथं काम तुंबतं तिथला नफा बघा, हा मुद्दा. बऱ्याच फाउंड्रीत भट्टी रिकामी असते आणि तुंबतं ते मोल्डिंग, म्हणजे पेटीत वाळू भरून साचा करण्याचं काम. म्हणून हिशेब एका पेटीमागे करायचा. वर्गातलं उदाहरण असं. काउंटरवेट : पेटीत एक नग, ४० किलो, दर किलोला ७८ रुपये, बदलता खर्च (मालाबरोबर वाढणारा) ६६. उरले १२ गुणिले ४०, म्हणजे ४८० रुपये. व्हॉल्व्ह बॉडी : पेटीत ४ किलोचे चार नग, दर १५०, कोअरसकट (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) खर्च १०५. उरले ४५ गुणिले १६, म्हणजे ७२० रुपये. व्हॉल्व्हच बरा, असं वाटतं. आता त्यात १२ टक्के रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, धरा. विक्री २८८ रुपयांनी घटते, भंगाराचे ३५ रुपये किलोनं जेमतेम ६७ परत येतात, आणि हातात राहतात ४९९. फरक पेटीमागे १९ रुपयांचा! रिजेक्शन ५ टक्क्यांवर आणलं तर तेच ६२८ होतात. म्हणजे ‘आम्ही अवघड माल करणार’ ही स्ट्रॅटेजी कोअरमधला गॅस, ओलसर वाळू आणि ओतायचं तापमान ताब्यात आहे का, यावर उभी असते. हे इतकं स्वच्छ दाखवणारं प्रशिक्षण या भागात असणं ही मोठी गोष्ट आहे.

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या वाटाही इथंच येतात : सगळ्यांत कमी खर्च, वेगळेपण, किंवा एका छोट्या गटावर लक्ष. दोन वाटांवर एकेक पाय ठेवणारा मध्येच अडकतो. पेटीचा हिशेब आधी झालेला असल्यानं हे पटकन गळी उतरतं.

दुसरा दिवस मात्र ढिला. स्वॉटला (आपलं बळ, उणिवा, संधी आणि धोके यांच्या यादीला) तीन तास जातात आणि हाती लागतं ते ‘कुशल मनुष्यबळ’, ‘वाढती स्पर्धा’ एवढंच. व्हिजन तीस वर्षांपुढचं लिहायला लावतात. ज्या कारखान्याचं निम्मं टनेज एकाच गिऱ्हाइकाकडे जातं, त्याला तीन वर्षांचं आणि मोजता येणारं व्हिजन हवं : ‘कोणत्याही एका गिऱ्हाइकाचा वाटा ३० टक्क्यांच्या आत’, असं काहीतरी. उदाहरणं सगळी अमेरिकेतली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. पुढं कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. सायकली सोडून शेतीच्या अवजारांकडे वळणं हाच स्ट्रॅटेजीचा धडा, आणि तो वर्गात येतच नाही याची खंत वाटते. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं. टाळता येण्यासारखं अंधत्व संपवायचं हा हेतू ठरला, म्हणून शस्त्रक्रियांची संख्या आणि कमी खर्च यांवर सगळी रचना उभी राहिली. असं एखादं उदाहरण तासभर उलगडून सांगायला हवं.

छापील वह्या फक्त इंग्रजीत आहेत, ही मोठी उणीव. शेवटी मिळणारी मिशनची फ्रेमही इंग्रजीतच. ती नाकारून मराठी-कन्नड फळा रंगवून घ्यावा, मोल्डिंगच्या भिंतीवर.

जाणाऱ्यांनी बारा महिन्यांची ऑर्डरवही सोबत न्यावी : गिऱ्हाईक, नगाचं वजन, पेटीत किती नग, रिजेक्शन, पैसे किती दिवसांनी आले. ही माहिती नसेल तर दुपारचं सत्र वाया जातं. तिघांत मालक, मोल्डिंगचा सुपरवायझर आणि हिशेब बघणारा असावा. दोघे भाऊ भागीदार असतील तर दोघांनीही जावं. नाहीतर एकानं वर्गात ‘नको’ म्हटलेली ऑर्डर दुसरा सोमवारी फोनवर घेतो. नव्वद दिवसांनी कारखान्यावर एक भेट फीमध्येच आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. पैसे भरतानाच तिची तारीख लिहून घ्यावी.