चाळिशीतल्या चाहत्याने फुटबॉलची जर्सी घालावी का? ‘फॅन व्हर्जन’चे परीक्षण

विश्वचषक जवळ आला की सांगलीच्या बाजारात अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या जर्सी दुकानांबाहेर टांगलेल्या दिसू लागतात, आणि त्यांबरोबरच आमच्या वयाच्या चाहत्यांना दर वेळी विचारला जाणारा प्रश्नही पुन्हा ऐकू येतो. सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला तो अगदी सरळ विचारला होता: “अहो, पोराचा शर्ट घालून आलात की काय?” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, नोकरी-संसार असलेल्या माणसाने परदेशी संघाचा रंगीत सदरा घालून चारचौघांत यावे, हे त्यांना मनापासून चमत्कारिक वाटले होते. मी गेले काही हंगाम अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फॅन व्हर्जन, म्हणजे मूळ कंपनीने चाहत्यांसाठी बनवलेली, जर्सी वापरतो आहे, त्यामुळे या वस्तूचे परीक्षण करताना त्या प्रश्नाचे उत्तरही द्यावे, असे वाटते. माझे मत आधीच सांगतो. प्रौढ चाहत्याने जर्सी जरूर घालावी. मात्र ती अस्सल फॅन व्हर्जन असावी, स्वतःच्या मापाची असावी आणि तिच्या पाठीवर कोणाचेही नाव नसावे.

जर्सी हा पोरांचा पोशाख आहे ही समजूत अगदीच निराधार नाही. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकाच्या मध्याला अ‍ॅडमिरल या कंपनीने लीड्स युनायटेड हा क्लब आणि पाठोपाठ इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे कपडे बाजारात विकायला आणले, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः शाळकरी मुले हेच होते. मोठी माणसे सामन्याला जाताना कोट-टोपी आणि फार तर गळ्यात संघाच्या रंगांचा लोकरी मफलर घालून जात असत. प्रौढांच्या मापाच्या जर्सींचा मोठा बाजार त्यानंतर उभा राहिला, आणि ज्या मुलांनी लहानपणी त्या घातल्या होत्या तीच मुले मोठी होऊन त्याची गिऱ्हाईके झाली. म्हणजे आज पन्नाशीत-साठीत असलेला इंग्लिश माणूस जर्सी घालून सामन्याला जातो तेव्हा तो लहानपणापासूनची एक सवय चालवत असतो. आपल्याकडे ती सवय एका पिढीने उशिरा आली, एवढाच फरक आहे.

आता वस्तूकडे वळू. बाजारात जर्सीचे तीन प्रकार मिळतात आणि त्यांची नावे दुकानदार सर्रास वापरतात: प्लेअर व्हर्जन, फॅन व्हर्जन आणि फर्स्ट कॉपी. पहिले दोन मूळ कंपनीचे असतात, तिसरी नक्कल असते. मी खरेदीला गेलो तेव्हा दुकानातला मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला होता, “काका, घ्यायचीच तर प्लेअर व्हर्जन घ्या, मेस्सी हीच घालतो.” त्याचे म्हणणे खरे होते आणि नेमके त्याच कारणासाठी ती आपण घेऊ नये. प्लेअर व्हर्जन ही दीड-दोन तास सतत धावणाऱ्या खेळाडूसाठी बेतलेली असते. ती अंगालगत बसते, खांद्यापासून कमरेपर्यंत निमुळती होत जाते, तिचे कापड अतिशय पातळ आणि जाळीदार असते, आणि वजन वाचवण्यासाठी छातीवरचे बोधचिन्ह शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेले असते. ते चिकटवलेले चिन्ह वारंवार धुण्यासाठी केलेले नसते. आदिदास काही वर्षे आपल्या खेळाडूंच्या प्रकाराला ‘हीट रेडी’ आणि चाहत्यांच्या प्रकाराला ‘एअरो रेडी’ म्हणत असे. नायकेच्या जर्सीतही असेच दोन वर्ग आहेत. किमतीत मोठे अंतर असते, आणि जास्त पैसे मोजून आपण आपल्या शरीराला गैरसोयीची वस्तू घरी आणतो.

फॅन व्हर्जनची बेतणीच वेगळी आहे. ती काखेपासून खाली सरळ उतरते, खालचा काठ थोडा सैल असतो, आणि बसल्यावर पोटावर ताणली जात नाही. कापड किंचित जाड असल्याने आतली बनियन किंवा घामाचा डाग पटकन दिसत नाही. बोधचिन्ह विणलेले किंवा भरतकाम केलेले असून कडेने शिवलेले असते. त्यावरून बोट फिरवले तर धाग्यांचा उठाव हाताला लागतो, आणि जर्सी उलटी करून पाहिली तर त्याच्या मागे एक मऊ अस्तर लावलेले दिसते, ज्यामुळे छातीला काही टोचत नाही. जर्सी वयाला शोभत नाही अशी जी टीका होते, तिचा मोठा भाग खरे म्हणजे मापावरची टीका असते, असे माझे निरीक्षण आहे. घट्ट जर्सीत पोट पुढे आलेला माणूस अवघडलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की चूक जर्सीची आहे. त्याच माणसाला योग्य मापाची फॅन व्हर्जन जीन्सवर, खोचल्याशिवाय घालायला दिली, तर तो नेहमीच्या टी-शर्टाइतकाच व्यवस्थित दिसतो. मापासाठी लेबलवरच्या अक्षरावर विसंबू नये. अंगाला नीट बसणारा घरातला एखादा टी-शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी मोजावी आणि ती कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावी.

कापडाबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या सर्वच जर्सी पॉलिस्टरच्या असतात. पॉलिस्टर घाम शोषून घेत नाही, तो पृष्ठभागावर पसरवून वाळू देतो. त्यामुळे वारा असेल किंवा आपण हालचाल करत असू तरच त्याचा फायदा मिळतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असताना दुपारी बंद खोलीत जर्सी घालून बसणे त्रासाचे होते, आणि तेथे सुती सदऱ्याला तोड नाही. पावसाळ्यात व हिवाळ्यात, तसेच सकाळच्या खेळाला, ती उत्तम वाटते. भर पावसाळ्यात दोरीवर टाकलेले सुती कपडे दुसऱ्या दिवशीही दमट राहतात, तेव्हा ही रात्रीतून वाळते, हा आपल्याकडच्या कुटुंबांना चांगलाच ठाऊक असलेला गुण आहे. धुताना ती उलटी करून थंड पाण्यात धुवावी, कडक उन्हात टाकू नये, आणि इस्त्रीवाल्याकडे मुळीच देऊ नये, कारण छापील भागावर गरम इस्त्री फिरली की तो भाग गेलाच म्हणून समजावे.

फर्स्ट कॉपीबद्दल लोक मला हमखास विचारतात, कारण तीनशे-चारशे रुपयांत तशीच दिसणारी वस्तू मिळत असताना चार-पाच हजार का घालवायचे, हा रास्त प्रश्न आहे. माझ्या पुतण्याने अशी एक जर्सी एका दुकानातून आणली होती. काही धुण्यांतच तिच्या पाठीवरचा १० हा आकडा कडेने उचलला गेला आणि शून्याचा अर्धा भाग यंत्राच्या जाळीत सापडला. तिच्या बोधचिन्हामागे भरतकामाचे कापलेले धागे तसेच मोकळे होते, आणि ते त्वचेला इतके टोचत की तो आतून बनियन घातल्याशिवाय ती वापरत नसे. खरी जर्सी ओळखायची असेल तर आतल्या बाजूला शिवणीत असलेल्या पट्ट्या पाहाव्यात. त्यांवर वस्तूचा क्रमांक छापलेला असतो आणि तो इंटरनेटवर शोधल्यास नेमकी तीच जर्सी दिसली पाहिजे. नकली मालावर पुष्कळदा वेगवेगळ्या संघांच्या जर्सींना एकच क्रमांक आढळतो. शाळकरी मुलाला, जो वर्षभरात वाढणार आहे, स्वस्त कपडा घेऊन देण्याचा मोह मी समजू शकतो. कमावत्या माणसाने मात्र ज्या संघावर प्रेम आहे असे तो म्हणतो त्याच्या चिन्हाची चोरटी प्रत छातीवर मिरवू नये, असे मला ठामपणे वाटते. आणि इतके पैसे घालवायचे नसतील तर संघाच्या रंगाचा साधा, कोणत्याही चिन्हाविना असलेला टी-शर्ट हा पूर्ण प्रामाणिक पर्याय आहे.

किमतीची तक्रार मीही करतो, आणि ती जगभर केली जाते. इंग्लंड आणि मँचेस्टर युनायटेडच्या जर्सींचे भाव संगनमताने चढे ठेवल्याबद्दल २००३ साली ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकाने दहा व्यवसायांना मिळून १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला होता.

पाठीवरच्या नावाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडच्या लीगमध्ये १९९३च्या हंगामापूर्वी खेळाडूंना कायमचे क्रमांक नसत. मैदानात उतरणारे अकरा जण १ ते ११ हे आकडे घालत, आणि ९ हा आकडा त्या दिवशी जो पुढे खेळेल त्याचा असे. आकडा जागेचा होता आणि जर्सी संघाची होती. त्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये ठरावीक क्रमांक व नावे आली, आणि चाहत्यांच्या जर्सीवर नाव छापून देणे हा एक स्वतंत्र धंदा झाला. पण खेळाडू संघ बदलतात. मेस्सीने २०२१च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोना सोडले, तेव्हा त्याच्या नावाच्या किती जर्सी एका दिवसात जुन्या झाल्या असतील याची कल्पनाच करावी. रंग मात्र टिकतात. १९५०च्या विश्वचषकात रिओमध्ये उरुग्वेकडून झालेला पराभव ब्राझीलला इतका जिव्हारी लागला की त्यांनी आपला पांढरा पोशाखच टाकून दिला, आणि १९५४पासून आज आपण ओळखतो तो पिवळा रंग आला. त्या पिवळ्या सदऱ्यात एका देशाचे दुःख आणि त्यानंतरचे पाच विश्वचषक सामावले आहेत. असा रंग अंगावर घालताना वयाने मोठे असणे हा अडथळा नसून उलट पात्रता आहे, कारण त्यामागचे पराभव ज्याला आठवतात त्यालाच त्याचे मोल कळते. चाळिशीच्या माणसाच्या पाठीवर विशीतल्या खेळाडूचे नाव असले की तो कोणाची तरी भूमिका करतो आहे असा भास होतो. कोरी पाठ असली की तो फक्त एका बाजूचा माणूस असतो. मुलांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी खुशाल नाव छापून घ्यावे, त्यांना तो खेळाडू व्हायचे असते.

छातीवर काय छापले आहे, हेही प्रौढाने पाहिले पाहिजे. राष्ट्रीय संघांच्या सामन्याच्या जर्सीवर प्रायोजकाचे नाव नसते, हा त्यांचा मोठा फायदा आहे. क्लबच्या जर्सीवर ते असते, आणि इंग्लंडमधील अनेक क्लबांनी ही जागा वर्षानुवर्षे जुगाराच्या कंपन्यांना विकली. ब्रिटनमध्ये मुलांच्या मापाच्या जर्सीवर अशा कंपन्यांची नावे छापत नाहीत. म्हणजे जी जाहिरात मुलाच्या अंगावर योग्य मानली जात नाही तीच बापाच्या अंगावर चालते. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३च्या एप्रिलमध्ये ठरवले की २०२५-२६चा हंगाम संपल्यावर छातीवर जुगाराची नावे राहणार नाहीत, आणि हे फार आधी व्हायला हवे होते. याउलट बार्सिलोनाने २००६मध्ये छातीवर युनिसेफचे नाव घेतले आणि त्यासाठी पैसे घेण्याऐवजी त्या संस्थेलाच दिले. घरात शाळकरी मुले असतील तर सट्ट्याच्या कंपनीचे नाव असलेली जर्सी मी मोठ्या माणसाला सुचवणार नाही, मग संघ कितीही लाडका असो.

कुठे घालावी, याबाबत आपल्या भागाला फारसे शिकवण्याची गरज नाही. गणेशोत्सवात मंडळाचे नाव छापलेला टी-शर्ट साठीचे कार्यकर्तेही अभिमानाने घालतात आणि त्यांना कोणी वय विचारत नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहायला येणाऱ्यांत आजोबा-नातू एकाच रंगात बसलेले असतात. मैदान, टर्फ, मित्राच्या घरी रात्री जागून पाहायचा सामना, रविवारची भाजीखरेदी, या सर्व ठिकाणी जर्सी शोभते. कचेरीत, लग्नकार्यात आणि कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी ती घालू नये. पूर्ण संच, म्हणजे जर्सीबरोबर त्याच संघाची चड्डी आणि मोजे, हे खेळायला उतरणाऱ्यासाठीच ठेवावेत.

याच संदर्भात भारताच्या निळ्या जर्सीचा आग्रह धरावासा वाटतो. २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतासाठी खेळला, म्हणजे आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर वाढलेल्या मुलाने तो रंग जागतिक मैदानावर घातला. तरीही क्रिकेटची निळी जर्सी घराघरांत असते आणि फुटबॉलची मागितली तर दुकानदार प्रथम क्रिकेटचीच पुढे करतो. मागणी केली तर मागवून देणारे दुकानदार आहेत. मागणी आपणच केली पाहिजे.

खरेदीच्या वेळेबद्दल शेवटचा व्यावहारिक मुद्दा सांगतो. युरोपातील क्लब दर हंगामाला नवी जर्सी आणतात, आणि उन्हाळ्यात, म्हणजे साधारण मेपासून, जुन्या हंगामाच्या फॅन व्हर्जनवर कंपन्यांच्या दुकानांत व संकेतस्थळांवर चांगली सवलत मिळू लागते. पाठीवर नाव नको असणाऱ्याला आणि रंगासाठी जर्सी घेणाऱ्याला गेल्या हंगामाची जर्सी तितकीच चालते. मधली मापे आधी संपतात, त्यामुळे मापाची रुंदी आधीच मोजून ठेवलेली बरी.