पट्टा, स्टँड आणि पायाखालचा पाट: आठ महिन्यांनंतर

मी डीटीपीचं, म्हणजे पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर मांडण्याचं, काम करते. २०२० पर्यंत ऑफिसात, त्यानंतर घरी, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर. वय ४८, उंची पाच फूट एक इंच, चष्मा प्रोग्रेसिव्ह. हे तपशील आधीच देते, कारण माझी पाठ आणि मान कशानं सुधारली आणि कशानं बिघडली ते या तीन गोष्टींशिवाय कळणार नाही.

दुपारी चारच्या सुमारास मानेच्या मागून सुरू होऊन उजव्या डोळ्याच्या मागे जाणारी डोकेदुखी, आठवड्यातून तीन-चार दिवस. उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. जेवण झाल्यावर छातीत जळजळ. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, तू उभी असलीस तरी टेबलाशी बसल्यासारखी दिसतेस." त्या रात्री मी ऑनलाइन पाठीचा पट्टा मागवला, ६५० रुपयांचा.

पट्ट्याबद्दल आधी सांगून टाकते. पहिले दोन दिवस फार छान वाटलं. पाचव्या दिवशी काखेत पुरळ उठलं. पट्टा काढला की पाच मिनिटांत खांदे पुन्हा पुढे. फिजिओथेरपिस्टताईंनी कारण सांगितलं: खांदे मागे ओढण्याचं काम पट्टा करतो, तुमचे स्नायू नाही. हवा तर दिवसातून वीस मिनिटं आठवण म्हणून घाला, म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात तो कपाटात गेला तो गेलाच. मी कुणालाही तो घ्या म्हणणार नाही.

ताईंनी मला तपासायच्या आधी टेबलाशी बसलेला माझा बाजूनं काढलेला फोटो मागितला. त्यात सगळं दिसत होतं. लॅपटॉपचा दोषच असा की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवले तर मान खाली, मान नीट ठेवली तर हात वर. म्हणून स्टँड घेतला (९०० रुपये) आणि कीबोर्ड-माऊस वेगळे (१,२०० रुपये). ऑफिसात जुना डबा मॉनिटर सीपीयूच्या आडव्या खोक्यावर ठेवलेला असायचा. तेव्हा मान का दुखत नव्हती, हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

पण इथेच मी चुकले, आणि माझ्या वयाच्या लोकांनी हा भाग जरूर वाचावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी तसंच केलं आणि दुसऱ्या आठवड्यात मान आधीपेक्षा जास्त दुखू लागली. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसणारा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. पडदा उंच गेल्यावर मी नकळत हनुवटी वर करून त्या खालच्या भागातून बघत होते, दिवसाचे सात-सात तास. पडदा चार इंच खाली घेतला, किंचित मागे कलता ठेवला आणि फरक तीन दिवसांत कळला. पुढे फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. या आठ महिन्यांत सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच.

दुसरी अडचण उंचीची. आपल्याकडची टेबलं साधारण ३० इंच उंच असतात. माझ्या उंचीच्या बाईला कोपर टेबलाच्या पातळीला आणायचं तर खुर्ची वर घ्यावी लागते, आणि मग पाय लोंबकळतात. मांड्यांच्या मागे खुर्चीची कड रुतते, पायांना बधिरपणा येतो. माळ्यावरचा जुना सागवानी पाट काढून पायाखाली ठेवला. एक रुपया खर्च नाही. पाय टेकले की कंबर आपोआप मागे टेकते, हे मला तेव्हाच समजलं.

बोटांच्या मुंग्यांचं मूळ मानेत असेल अशी भीती होती. ताईंनी हात तपासला आणि टेबलाच्या धारेकडे बोट दाखवलं. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती नस तिथे कातडीच्या अगदी खाली असते, आणि मी तासन्‌तास तीच धारेवर टेकवत होते. सवय मोडली, दीड महिन्यात मुंग्या गेल्या. पण हातातली ताकद कमी वाटत असेल किंवा कळ खांद्यापासून खाली उतरत असेल, तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा.

सुरुवातीला मी फार घाबरले होते. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेला आकडा वाचला होता: मान ६० अंशांत वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो. तो संगणकीय प्रारूपावर केलेला हिशेब आहे, हे नंतर कळलं. घाबरून मी महिनाभर ताठ बसले आणि संध्याकाळी पाठीच्या मधोमध आग व्हायची. मग जर्मनीतल्या विल्के आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या मोजणीबद्दल वाचलं. त्यांनी एका माणसाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचाली मोजल्या, तेव्हा खुर्चीत सैल रेलून बसताना दाब उभं राहण्यापेक्षा कमी भरला. म्हणजे सैल बसणं हा गुन्हा नाही. एकाच जागी खिळून राहणं वाईट. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला, सुटला, की त्या पोषण शोषून घेतात. आता मी दर अर्ध्या तासाला उठते, पाणी पिते, भिंतीला पाठ लावून हात दहा वेळा वर सरकवते, हनुवटी आत घेण्याचा व्यायाम करते. बाकी वेळ कशीही बसते, फक्त फार वेळ एकसारखी नाही.

भजनी मंडळातला फायदा मात्र मी धरलाच नव्हता. मांडी घालून बसले की कंबर गोल व्हायची आणि अभंगाची ओळ मध्येच तुटायची. पुण्यात मॉडेल कॉलनीत १९७५ पासून बी. के. एस. अय्यंगारांची संस्था आहे. त्या पद्धतीनं योग शिकलेल्या मैत्रिणीनं बसताना ब्लँकेटची घडी बैठकीखाली घ्यायला सांगितलं. गुडघे कंबरेपेक्षा खाली आले, फासळ्या मोकळ्या झाल्या आणि त्याच ओळी एका दमात निघू लागल्या.

आज डोकेदुखी महिन्यातून दोनदा. जळजळ बरीच कमी, पण जेवल्याबरोबर लॅपटॉपवर वाकणं मी त्याच काळात सोडलं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं ते सांगता येणार नाही. झोपेत फरक नाही, गुडघ्यातही नाही. वजन आणि उंची जिथल्या तिथे. पट्टे विकणारे सांगतात तसलं काही झालं नाही. पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात उठणं चुकतं आणि मान लगेच दुखते.

संध्याकाळी त्याच टेबलावर मुलगी बारावीचा अभ्यास करते. ती पाच फूट सहा इंच. सातला पाट बाजूला जातो, खुर्ची खाली येते, स्टँड वर चढतो. स्टँडच्या दांडीवर आम्ही दोन चिकटपट्ट्या लावल्यात, लाल माझी, निळी तिची.