मे महिन्यातला मुळशीचा मटार

गेल्या जानेवारीत कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एक जोडपं आलं. मुळशीत शेती करतो, रासायनिक खत-औषध काही वापरत नाही, दर शनिवारी ताजी भाजी घरपोच देतो, असं म्हणाले. आठवड्याला 600 रुपये, सहा महिन्यांचे 15,600 आगाऊ. मी भरले. शेजारच्या चौघींनाही भरायला लावले, आणि त्याचं मला जास्त लागून राहिलंय.

आधी शेत दाखवायला नेलं होतं. वीस गुंठ्यांचा तुकडा, दोन गाई, शेण-गोमूत्राच्या जीवामृताचं पिंप, मेथी-पालकाचे वाफे. मुलांनी स्वतःच्या हातांनी मुळे उपटले. शेत खरंच होतं, म्हणून तर आम्ही फसलो. साधा हिशेब कुणी केला नाही. त्यांच्या ग्राहकांच्या ग्रुपवर 140 घरं. घरटी पाच किलो धरली तरी आठवड्याला 700 किलो माल, तोही बारा-पंधरा प्रकारचा. वीस गुंठ्यांतून एवढं दर आठवड्याला निघेल कुठून?

मे महिन्यात पेटीत मटार आला. सासूबाई मूळच्या सासवडच्या. शेंगा सोलता सोलता थांबल्या. "वैशाखात मुळशीत मटार? अगं, आमच्या पुरंदरचासुद्धा पावसाळ्यात येतो." थंड हवेचं पीक ते. भर उन्हाळ्यात पुण्यात येणारा मटार हिमाचलकडून मार्केट यार्डात उतरतो.

मी सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र मागितलं. ग्रुपवर फोटो आला आणि शिक्का बघून सगळ्या निवांत झाल्या. मी फोटो मोठा करून वाचला. नाव दुसऱ्याच जिल्ह्यातल्या शेतकरी गटाचं, पिकांच्या यादीत फक्त भात आणि हळद, मुदत कधीच संपलेली. पेटीवर मात्र 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाचं चिन्ह.

इथे एक नीट समजून घ्या. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ती नाही. कागद नाही म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नका. पण प्रमाणपत्राशिवाय ते चिन्ह लावता येत नाही. चिन्ह दिसलं की कागद मागा, आणि त्यावरचं नाव, पिकं, तारीख वाचा.

मग मी त्यांच्या जमिनीचा गट नंबर विचारला. गट नंबर असला की सातबारा घरबसल्या बघता येतो, ई-पीक पाहणीत नोंदवलेली पिकंही कळतात. "ताई, विश्वास नाही का आमच्यावर?" एवढंच उत्तर आलं आणि मला ग्रुपमधून काढलं. उरलेल्या दहा आठवड्यांचे 6,000 रुपये त्यांच्याकडेच आहेत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

या पेट्यांपायी आम्ही मुठा खोऱ्यातल्या एका काकांकडून भाजी घेणं सोडलं होतं. रविवारी कोपऱ्यावर बसायचे. पानांना भोकं असायची, कधी चारच जुड्या असायच्या. परवा मी तिथे गेले तर जागा रिकामी. शेजारच्या फुलवाल्या मावशींकडून नंबर घेऊन फोन केला.

"आत्ता काहीच नाही, ताई," काका म्हणाले. "विहीर आटलीय. पाऊस पडून भाजी निघाली की कळवतो."