'मोफत फूट स्कॅन' कॅम्पमध्ये आमचे 14,500 गेले, घरात लहान मुलं असतील तर वाचा

काल नाशिकरोडच्या मैत्रिणीने तिच्या सोसायटीत लागलेल्या बॅनरचा फोटो पाठवला. "मुलांच्या पायांची मोफत कॉम्प्युटर तपासणी", खाली तोच लाल-निळा पायाचा ठसा, फक्त नाव बदललंय. म्हणून पोरीला झोपवून लगेच लिहायला बसले.

आमच्याकडे हा कॅम्प मागच्या जूनमध्ये झाला. क्लबहाऊसमध्ये टेबल, लॅपटॉप, खाली काचेची प्लेट आणि पांढरा कोट घातलेला एक जण. चिऊ तेव्हा साडेचार वर्षांची. खरं तर मी थांबलेच नसते पण दोन-तीन आठवडे ती रात्री पाय दुखतात म्हणून रडायची, चेपून दिले की झोपायची आणि सकाळी उठून पळत सुटायची, आणि हे मीच त्या माणसाला आपणहून सांगितलं. तिथेच त्याला सापडलं काय बोलायचं ते.

प्लेटवर उभं केलं तर स्क्रीनवर दोन्ही पावलं अख्खी लाल. "मॅडम, पूर्ण फ्लॅट फूट आहे, कमान अजिबात नाहीये. आत्ता काही केलं नाही तर दहाव्या वर्षी गुडघे, विसाव्या वर्षी कंबर." मागे रांगेत बाकीच्या आया ऐकत उभ्या. वर म्हणाला, घरातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका. इलाज काय तर मापाने बनवलेले, बुटाच्या आत बसवायचे इनसोल आणि त्यांचेच बूट, 14,500 रुपये, पाय वाढेल तसे दर सहा महिन्यांनी नवीन, आज बुक केलं तरच हा रेट नाहीतर 22,000. मी 8,000 तिथेच जीपे केले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं खेळू दे की तिला मातीत, आमची पोरं काय बूट घालून वाढली का?" मी त्यांना म्हटलं, आई, तुम्हाला यातलं कळत नाही. पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं, उरलेले 6,500 दिल्यावर हातात मिळालं. कडक प्लॅस्टिक, मधे उंचवटा. तिसऱ्या दिवशी चिऊच्या पावलाला आतल्या बाजूने वाटाण्याएवढा फोड. फोन केला तर "मॅडम सवय होईल, काढू नका." एक दिवस बूट सापडेनात, शोधून शोधून दमलो, तर तिने वॉशिंग मशीनच्या मागे टाकलेले. त्या दिवशी मी इनसोल बाहेर काढून वरचं कापड सोलून बघितलं, खाली 28 आकडा छापलेला. बी विंगमधल्या सहा वर्षांच्या मुलाचंही काढून बघितलं तर सेम साचा, फक्त आकडा 30. काय ते मापाने बनवलेलं!

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे मशीन वगैरे काही नाही. चिऊला म्हणाले, "वरच्या फळीवरचा लाडूचा डबा काढ बघू." ती टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांसमोर पावलाला छान कमान आली. टेबलवर पाय सोडून बसवलं तरी कमान. "कमान आहे, उभी राहिली की दबते एवढंच." लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, म्हणून जवळपास सगळ्याच छोट्या मुलांचे पाय सपाट दिसतात, कमान हळूहळू धरते, काहींची आठ-दहा वर्षांपर्यंत. पाय मऊ आहे आणि दुखत नाहीये तर काहीच करायचं नसतं. इनसोलने कमान तयार होत नाही हे 1989 मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलंय, तीन वर्षं स्पेशल बूट-इनसोल घातलेली मुलं आणि साधे बूट घातलेली मुलं, फरक काही नाही. आणि आपल्या शेजारी कर्नाटकात मणिपालच्या डॉक्टरांनी 2300 मुलांचे ठसे घेतले होते, 1992 मध्ये छापून आलं, त्यात बूट-चपला घालणाऱ्यांमध्ये 8.6 टक्के मुलांचे पाय सपाट निघाले आणि अनवाणी राहणाऱ्यांमध्ये 2.8 टक्के. म्हणजे सासूबाईंचंच बरोबर होतं. घरी येऊन त्यांची माफी मागितली.

रात्रीचं दुखणं वाढत्या वयातलं, दोन्ही पायांत, सकाळी गायब, तेल लावून चेपा म्हणाले. पण मग त्यांनी शाळेचे बूट मागितले, जे कॅम्पवाल्याने हातातसुद्धा घेतले नव्हते. चिऊला कागदावर उभं करून पेन्सिलने पाऊल काढलं, कापलं, बुटात सरकवलं, तर कागद पुढे दुमडला. दिवाळीनंतर घेतलेले बूट, आठ महिन्यांत पाय केवढा वाढला आणि आमच्या लक्षातच नाही, बोटं आत दाबली जात होती. आता दर तीन महिन्यांनी कागद कापते. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, मोजे घालून, उभं करून, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा.

दाखवायचं कधी हेही विचारून घेतलं. चवड्यांवर उभं राहूनसुद्धा कमान येत नसेल, पाय ताठ असेल, दिवसाही दुखत असेल, लंगडत असेल, एकाच पायाला त्रास असेल, किंवा वयाच्या तीन वर्षांनंतरही कायम चवड्यांवरच चालत असेल तर थांबू नका. खर्च झेपत नसेल तर अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक फुकट तपासतं, त्यांना सांगा, ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

पैशांचं म्हणाल तर पावती नीट वाचली तेव्हा त्यावर "फूट कम्फर्ट अ‍ॅक्सेसरीज, नॉन रिफंडेबल". कुठेही डॉक्टरचं नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. फोनवर डिग्री विचारली तर "सर्टिफाइड टेक्निशियन". ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली, त्यानंतर 4,000 परत आले आणि मग नंबर बंद. आमच्या सोसायटीत एकूण अकरा घरांनी घेतलंय, बाकीच्यांना अजून दमडी मिळाली नाही. हॉलचं भाडं घेतलं होतं म्हणून कमिटी गप्प आहे.

चिऊचे इनसोल मी फेकलेले नाहीत. सोललेलं कापड, आकडा आणि पावती, सगळं एका पिशवीत आहे. नाशिकरोडचा कॅम्प रविवारी दहाला आहे, बी विंगमधली ती आई आणि मी साडेनऊलाच जाऊन उभ्या राहणार आहोत.