सेरा दो मारची जंगलफेरी: वाटाड्याला पैकीच्या पैकी गुण, मुक्कामाला नाही

ब्राझीलमध्ये साओ पाउलोजवळच्या सेरा दो मार डोंगररांगेत, अटलांटिक जंगलातली ही फेरी वनस्पतीप्रेमींनी जरूर करावी, आणि ती या वाटाड्यासाठीच. झाडांवर वाढणारं ब्रोमेलियाड अननसाच्या कुळातलं. त्याच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचं पाणी साठतं. वाटाड्याने ते पिपेटने उपसून पांढऱ्या वाटीत ओतलं, तर आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या! मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस क्रुझी हा डास इथेच वाढतो, त्यामुळे जमिनीवरची डबकी बुजवून काही साधत नाही. सांतोस बंदराच्या रेल्वेमार्गावर राबणाऱ्या मजुरांना डोंगरात हिवताप कुठून येतो, हे ब्राझीलचे डॉक्टर आदोल्फो लुट्झ यांनी १९०३ मध्ये मांडलं. तो भाग वाटाड्याने इतका जीव ओतून सांगितला की सगळे चालायचे थांबले. माकडांमधला मलेरियाही हाच डास माणसांत आणतो, हे मला नवीन होतं.

मुक्कामाबद्दल मात्र तक्रार आहे. हा डास तिन्हीसांजेला जास्त चावतो आणि जेवण नेमकं तेव्हाच, उघड्या व्हरांड्यात. खिडक्यांना जाळ्याही नाहीत. लांब बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम न्याच. परतल्यावर ताप आला तर या जंगलात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.